आधी टोक दिसायचं

आमच्या लहानपणी सातपाटीत माणसाने बांधलेलं उंच असं फारसं काही नव्हतं. घरं बैठी, कौलारू. गल्ल्या अशा की समोरच्या ओटीवरचं भांडण आपल्या चुलीपाशी बसून शब्दन् शब्द ऐकावं. सत्तरच्या दशकात गावातल्या सगळ्यात उंच वस्तू जमिनीवर नव्हत्याच, त्या खाडीत उभ्या असायच्या. बोटींना इंजिनं बसली होती, तरी डोलकाठी अजून गेली नव्हती. सातपाटीचा मचवा ही एक वेगळी धाटणी म्हणून नौकाबांधणीच्या पुस्तकांत नोंदली गेली आहे, टोकदार नाळेची आणि पाणी कापत जाणारी. आम्हा पोरांना मात्र त्याची काठीच दिसायची, कारण ती घराच्या मागच्या दारातूनही दिसे. त्याखालोखाल माड, ताड आणि शेजारच्या शिरगावच्या किल्ल्याचे बुरूज. हा किल्ला मराठ्यांनी १७३९ साली वसईच्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून घेतला. त्याच्या आवारात फांद्या फुटलेला ताड आहे. ताडाला फांद्या फुटतात हे बाहेरगावच्या पाहुण्यांना पटत नसे, मग आमच्यापैकी एकाला त्यांना तिथे नेऊन आणावं लागे.

एवढ्या भांडवलावर उंच इमारतींबद्दल घरात मतं असतील असं कुणाला वाटणार नाही. पण ती होती, आणि ठाम होती. आम्ही सख्खी-चुलत भावंडं एका छपराखाली वाढलो, आणि आमच्या पिढीत प्रत्येकाची मुंबईतली एक आवडती इमारत होती. इतर घरांत नट-नट्यांवरून वाद व्हायचे तसे आमच्याकडे एक्स्प्रेस टॉवर की एअर इंडिया यावरून व्हायचे. हे वेड आजाकडून आलं.

आजा नाखवा. त्याला उंचीशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला खूण लागायची. समुद्रात जाळं कुठे टाकलं, खडक कुठे आहे, मागच्या वेळी सरंगा कुठे लागला, हे लक्षात ठेवायला पाण्यावर पाटी लावता येत नाही. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, पुढची जवळची, मागची लांबची. तशीच दुसरी जोडी दुसऱ्या दिशेला धरायची. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे तुम्ही. काळदुर्गाच्या माथ्यावरचा चौकोनी कातळ, डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका, शिरगावचा बुरूज, एखादं देऊळ, रानात एकटाच वाढलेला ताड, हे त्याचं पाठांतर. चांगल्या खुणेच्या त्याच्या अटीही पक्क्या होत्या: ती एकटी असावी, शेजाऱ्यांपेक्षा निराळ्या आकाराची असावी, आणि वर्षानुवर्षं तशीच असावी. “दिसतं सगळंच,” तो म्हणायचा, “ओळखू काय येतं ते सांग.” आम्ही पुढे ज्या ज्या इमारती बघितल्या त्या या एका वाक्याने मोजल्या. वास्तुशास्त्राचं शिक्षण घेतलेल्यांना हे हास्यास्पद वाटेल. मला अजूनही तसं वाटत नाही.

आमच्या किनाऱ्याला पहिली नवी खूण मिळाली ती तारापूरची. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तिथे ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालं. सातपाटीहून ते बारा-पंधरा किलोमीटर उत्तरेला. आत काय चालतं ते आमच्या घरात कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण त्याची चिमणी बोटीवरून दिसायची, धूर नसलेली चिमणी. धूर नाही म्हणजे बंद असणार, असं मोठ्या काकांना कितीतरी दिवस वाटत होतं. आजाने तिला लगेच पास केलं. एकटी, सरळ, रात्री दिव्यांची. पुढे २००५-०६ मध्ये तिथे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांचे घुमट पाण्यावरून छान गोल दिसतात, पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. पोफरणकडच्या लोकांसमोर त्या घुमटांचं कौतुक करायची हिंमत आमच्यापैकी कुणी केली नाही.

टोक आधी का दिसतं, याचं शास्त्र थोरल्या दादाने दहावीत असताना घरी आणलं. पृथ्वी वाकलेली, म्हणून लांबच्या वस्तूचा पाय पाण्याच्या कडेखाली बुडालेला असतो. उंचीचं, मीटरमधल्या उंचीचं, वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण साडेतीनने गुणायचं, की किती किलोमीटरवरून टोक दिसेल ते निघतं. त्यात बोटीवरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीचे पाचेक किलोमीटर मिळवायचे. राजाबाई टॉवर ८५ मीटर, म्हणजे तेहतीसच्या आसपास. शेअर बाजाराची इमारत ११८ मीटर, एकोणचाळीस. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटर, एकसष्ट-बासष्ट. हवा धुरकट असली की हिशेब कोलमडायचा. दादा ओटीवर बसून आकडे सांगायचा आणि आजा ऐकून घ्यायचा. शेवटी एकदा म्हणाला, “वरळीचा दिवा अर्नाळ्याच्या पुढे गेलं की दिसतो, त्याला गणित कशाला?” अर्नाळा ते वरळी हवाई अंतर पन्नासेक किलोमीटर. गणित बरोबरच होतं, पण त्या दिवशी जिंकला आजा.

वरळीच्या या मनोऱ्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं. तो इमारत नाही, नुसता लोखंडी सांगाडा आहे, आणि आवडत्या इमारतींच्या यादीत त्याला घ्यायचं की नाही यावरून आमच्यात फूट होती. पण त्याचं आणि घराचं नातं दुहेरी होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या आळीत पहिला टीव्ही आला तेव्हा चित्र म्हणजे नुसत्या मुंग्या. मग कुणाच्या तरी जुन्या मचव्याची काढून ठेवलेली डोलकाठी आणली, घराला टेकून उभी केली, वर ॲन्टेना बांधली आणि एक पोरगा कौलांवर चढवून ती दक्षिणेकडे फिरवत राहायची. खालून ओरडा: आलं, आलं, गेलं! जिच्या टोकाला कधी शीड चढायचं, त्या काठीच्या टोकावरून आम्ही ‘गजरा’ आणि ‘छायागीत’ बघितलं. हळूहळू गावभर ॲन्टेना झाल्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच मनोऱ्याकडे. रात्री समुद्रावर गेलेल्या बापाला त्याच मनोऱ्याचे लाल दिवे दिसत आणि घरी पोरांना त्याचीच चित्रं. माझं मत म्हणाल तर यादीत तो पहिला. ताई आजही म्हणते, सांगाडा म्हणजे इमारत नव्हे, नियम म्हणजे नियम.

मुंबई आम्हाला दोन बाजूंनी ठाऊक होती. एक पाण्यावरून. एप्रिलच्या सुटीत, समुद्र खवळायच्या आधी, एखादी बोट ससून डॉकला जाणार असली की मुलग्यांपैकी एखाद्याला घेऊन जात. मुलींना नेत नसत, हा राग ताईने अजून सोडलेला नाही, आणि सोडूही नये. केळवे, अर्नाळा, वसई, मढ मागे टाकत गेलं की डाव्या हाताला शहर उलगडत जायचं. आधी वरळीचा सांगाडा. मग कंबाला हिलची उंच घरं. तिथे कार्मायकल रोडवर ‘उषाकिरण’, साठच्या दशकातली, पंचवीस मजल्यांची. मुळात टेकडीवर असल्यामुळे पाण्यावरून ती आहे त्यापेक्षा उंच वाटायची. त्यानंतर मलबार हिलची झाडी, आणि मग एकदम बॅकबे उघडायचा.

बॅकबेचं ते दृश्य आमच्या पिढीने ज्या क्रमाने पाहिलं त्याच क्रमाने ते बांधलं जात होतं. नरिमन पॉइंटला एक्स्प्रेस टॉवर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला, जोसेफ ॲलन स्टाइन यांच्या आराखड्याचा, पंचवीस मजली. शेजारी ओबेरॉय १९७३ मध्ये. पुढच्याच वर्षी एअर इंडियाची तेवीस मजली इमारत झाली. तिचे वास्तुकार अमेरिकेतले जॉन बर्गी. पलीकडे कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटर, १५६ मीटर, कितीतरी वर्षं मुंबईत तिच्याहून उंच इमारत नव्हती. धाकट्याला तीच आवडायची, कारण ती सगळ्यात उंच. लहान मुलांचं एवढंच असतं. या रांगेत बाकी आम्ही सगळे एअर इंडियावाले. तिच्या माथ्यावरचा धनुर्धारी रात्री लाल पेटायचा आणि बॅकबेतून कुठूनही दिसायचा. खिडक्या कशा आहेत, दगड कुठला, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. आजाच्या तिन्ही अटींत ती बसत होती.

आजाला मात्र ती पसंत नव्हती. खूण म्हणून पास, पण मनातून नापास. कारण सोपं होतं. ती सगळी रांगच समुद्र बुजवून केलेल्या भरावावर उभी आहे. “तिथे पाणी होतं,” एवढंच म्हणून तो तोंड फिरवायचा. इकडे सातपाटीला समुद्र दर पावसाळ्यात किनारा खात घरांपर्यंत येत होता, बंधारा घाला म्हणून गाव अर्ज करत होतं, आणि तिकडे समुद्राला मागे रेटून त्यावर तेवीस मजले चढवले होते. हा विरोधाभास आम्हाला तेव्हा कळला नाही. आम्ही लाल दिवा बघत होतो.

दुसरी वाट रेल्वेची. तेव्हा लोकल विरारपर्यंतच होती, डहाणूपर्यंत ती एप्रिल २०१३ मध्ये आली. आमच्या वेळी शटल, पॅसेंजर आणि पैसे असले तर फ्लाइंग राणी. डिसेंबर १९७९ मध्ये फ्लाइंग राणीला दुमजली डबे लागले आणि आमच्या बैठ्या गावातल्या पोरांना पहिल्यांदा वरच्या मजल्यावरून जग दिसलं, तेही पळतं. वर जागा मिळवण्यासाठी पालघरला जी ढकलाढकली व्हायची ती सांगण्यासारखी नाही. ते डबे जुलै २०२३ मध्ये काढले, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी वारल्यासारखे संदेश होते. त्या खिडकीतून दादरनंतर गिरण्यांच्या चिमण्या दिसायच्या. परळ, लोअर परळ, महालक्ष्मी, एकामागून एक. मोठ्या काकांना प्रत्येकीचं नाव पाठ होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या फेऱ्यांत काका नावं घ्यायचे ते गप्प झाले. धूर नसलेली चिमणी म्हणजे बंद, हा त्यांचा तारापूरला चुकलेला नियम इथे बरोबर निघाला.

रेल्वेनेच आम्ही राजाबाई टॉवरपर्यंत पोचलो. ताईचं कॉलेज त्या भागात होतं, आणि तिची ती आवडती. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला लावलं. आराखडा इंग्लंडमधल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. बांधकाम १८७८ मध्ये पुरं झालं. वरच्या बाजूला पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे आहेत. ताई खाली मैदानावर उभी राहून त्यांतला आपला माणूस कोणता ते शोधायची. आत्महत्या झाल्यामुळे वर चढायला बंदी. ती म्हणायची, एवढी उंची आणि वरून कुणालाच बघता येत नाही, फक्त खालून बघायचं. बोटीवर न नेल्याचा राग त्या वाक्यात होता असं मला आता वाटतं.

थोरला दादा पुढे पुस्तकं वाचणारा झाला आणि त्याने पक्ष बदलला. चार्ल्स कोरिया यांची ‘कांचनजंगा’ १९८३ मध्ये पुरी झाली, कंबाला हिललाच, अठ्ठावीस मजले, बत्तीस घरं, ८४ मीटर. मुंबईत घराचं तोंड पश्चिमेला हवं, कारण वारा तिथून येतो आणि समुद्रही तिथेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिथूनच येतो. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून त्यावर तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला. इमारतीचे कोपरे कापून तिथे दोन मजले उंचीच्या बागा केल्या, म्हणजे आतली खोली उन्हापावसापासून लांब राहते आणि वारा मिळतो. दादा हे आम्हाला ओटीवर बसून समजावत होता. बाबांनी आपली ओटी बघितली, उतरतं छप्पर बघितलं, आणि म्हणाले, “म्हणजे त्यांनी ओटी केली.” दादाचं तासाभराचं व्याख्यान तिथे संपलं. पाण्यावरूनही ती इमारत झटकन ओळखू यायची. कोपरे खाल्लेली दुसरी नव्हतीच.

आजीच्या यादीत मुंबईचं काहीच नव्हतं. पालघरला पाचबत्तीवर हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला तिथल्या गोळीबारात पाच जण गेले, त्यांत सातपाटीचे काशीनाथ हरी पागधरे. स्तंभाची उंची विचारली तर आजी विचारणाऱ्याकडे बघायची. तिथे थांबून हात जोडल्याशिवाय ती स्टेशनाकडे वळत नसे.

आणि १२ मार्च १९९३, बॉम्बस्फोटांचा दिवस. दुपारी आधी शेअर बाजाराची इमारत, मग एअर इंडिया. आमच्या यादीतल्या दोन इमारतींची नावं रेडिओवर एकापाठोपाठ आली. आत्या त्या दिवशी मासे विकायला मुंबईत गेली होती. गावात फोन मोजके. ती रात्री उशिरा रिकामी टोपली घेऊन आली आणि आल्या आल्या भात मागितला. स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर उतरवली होती हे पुढे कळलं आणि समुद्रात बोटी थांबवून झडत्या सुरू झाल्या. यावर मला जास्त लिहायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात आमच्या बाजूला आणखी एक टोक उगवलं, आणि त्याने धाकट्याची पंचाईत केली. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी २७५ मीटर. त्या काळी मुंबईतली एकही इमारत तिच्या जवळपास नव्हती. उंच म्हणजे उत्तम म्हणणाऱ्याला आता कोळशाच्या चिमणीला मत द्यावं लागणार होतं. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला, चिकूच्या वाड्यांचा. लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच्या रेट्याने पुढे धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसली. आजा तोवर थकला होता, समुद्रावर जात नव्हता. नातवाने खांद्यावर हात टाकून किनाऱ्यावरून ती दाखवली, तर म्हणाला, खूण चांगली आहे, वास कसा आहे?

त्यानंतर मुंबईत उंची स्वस्त झाली. २००२ मध्ये नाना चौकात पंचेचाळीस मजल्यांची ‘श्रीपती आर्केड’, २०१० मध्ये ताडदेवला हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचे ‘इम्पीरियल’चे जुळे मनोरे. श्रीनिवास मिलच्या जागेवर तर २८० मीटरची इमारत झाली, म्हणजे ज्या चिमण्यांची नावं काका घ्यायचे तिथेच. इम्पीरियलच्या दोन टोकांवर आमचा काही काळ जीव होता, कारण जोडी लगेच ओळखू येते. पण आता भाऊचा धक्का गाठणारी आमची पुतणी-भाच्यांची पिढी सांगते, पाण्यावरून काही कळत नाही, सगळी भिंतच आहे. कांचनजंगा शोधावी लागते. त्यांना त्याची गरजही नाही. जीपीएसवर बोट ठेवलं की बोट कुठे आहे ते मीटरमध्ये कळतं. आजाच्या जोड्या त्यांना माहीत नाहीत आणि त्यांचा मासा त्यामुळे कमी आलेला नाही. तो कमी आलाय त्याची कारणं निराळी आहेत.

पालघर १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाल्यापासून आमच्याकडेही मजले चढताहेत. बोईसरला तर बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय. वाढवणला बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ते झालं तर क्रेनची टोकं सगळ्यात आधी दिसतील. गावाचा त्याला विरोध आहे, आमच्या घराचाही, आणि या एका बाबतीत व्हॉट्सॲप गटावर दोन मतं नाहीत.

गेल्या गणपतीत सगळे जमलो तेव्हा पुन्हा मतदान झालं. महाराष्ट्र सरकारने एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं, यावरून विषय निघाला होता. ताई राजाबाईवरून हलली नाही. दादा कांचनजंगावर. धाकट्याने, बोरिवलीला बाविसाव्या मजल्यावर राहून, शेवटी एअर इंडियाला मत दिलं. त्याच्या स्वतःच्या इमारतीचं नाव कुणी घेतलं नाही, त्यानेही नाही. मग आत्याला विचारलं. पहाटेच्या गाडीच्या लगेजच्या डब्यातून टोपली घेऊन मुंबई सेंट्रलला उतरून ताडदेव-गावदेवीच्या इमारतींत दारोदार पापलेट विकणारी ती एकटी. उंच इमारतींच्या आत तिच्याइतकं आमच्यापैकी कुणी गेलेलं नाही. तिच्या हिशेबात वॉचमन होते, मासेवालीला कुठल्या लिफ्टमध्ये घेतात ते होतं, कुठे वास येतो म्हणून जिन्याने चढायला लावलं तेही होतं. तिला आवडायची ती इमारत, जिच्या बाजूला दुपारी चारनंतर फुटपाथवर लांब सावली पडायची आणि फाटकाआत हात धुवायला नळ होता. किती मजल्यांची? मोजले नाहीत, म्हणाली, मान कोण वर करतंय, डोक्यावर टोपली असते. नाव काय होतं तिचं? नाव ठाऊक नाही. पण मुंबई सेंट्रलला उतरवा, डोळे मिटून नेते.